हद्द कोणासाठी पक्की?

डहाणूजवळ समुद्रात भराव टाकून होणाऱ्या वाढवण बंदराची बातमी आली की नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी लिहितंच, "दुबईने वाळवंटात करून दाखवलं, आपल्याला एवढा समुद्र असून जमत नाही." मी दुबईतल्या जबल अली बंदराच्या फ्री झोनमध्ये मालवाहतुकीच्या कंपनीत नोकरी करतो आणि माझं गाव डहाणूच्या बाजूला, त्यामुळे "मग आपल्याकडे का नको, तूच सांग" हा पुढचा प्रश्न मलाच येतो. दोन ओळींत त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आधी बंदराच्या बाजूचं बोलतो, कारण ती बाजू खरी आहे. आपल्याकडचे कितीतरी कंटेनर कोलंबो, सिंगापूर किंवा इथे जबल अलीला उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवावे लागतात. चोवीस हजार कंटेनरांची अजस्र जहाजं घेण्याइतकी खोली न्हावा शेवाला नाही. तिथे 2023-24 मध्ये 64 लाखांच्या आसपास टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या मापाने मोजलेले कंटेनर) हाताळले गेले. जबल अलीने 2023 मध्ये 1 कोटी 45 लाख हाताळले. वाढवणला किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर वीस मीटर नैसर्गिक खोली मिळते. खर्चाचा आकडा 76 हजार कोटींच्या वर आहे, पण बंदराची गरज कोणी बसून कल्पनेतून काढलेली नाही. माझं रोजचं काम मला तेच सांगतं.

आता दुबईने नेमकं काय केलं ते. जबल अलीचं बंदर वाळवंटी किनारा खोदून 1979 मध्ये सुरू झालं. 1985 मध्ये त्याला लागून फ्री झोन जाहीर केला. तेव्हा कुंपणाबाहेर कंपनी काढायची तर 51 टक्के मालकी इथल्या भागीदाराला द्यावी लागायची. आत शंभर टक्के परकी मालकी चालायची आणि नफा मायदेशी न्यायला आडकाठी नव्हती. लोक करमाफीबद्दलच बोलतात. मला इथे जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की एकदा आखलेली रेघ चाळीस वर्षं टिकली. 2021 मध्ये बाहेरचा 51 टक्क्यांचा नियम बहुतेक व्यवसायांसाठी गेला, 2023 मध्ये देशात पहिल्यांदाच 9 टक्के कंपनी कर आला, तरीही फ्री झोनमधल्या पात्र उत्पन्नावर शून्य कर कायम ठेवला. ज्यांना शब्द दिला होता, त्यांच्यासाठी तो पाळला. गोदाम बांधणारा माणूस वीस वर्षांचा हिशोब मांडतो तो या भरवशावर.

हा शब्द मात्र भांडवलाला दिलेला आहे. आमच्यासारख्यांचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली आणि दुसरी मिळाली नाही की ठरावीक मुदतीत देश सोडायचा. युनियन नाही, संप बेकायदा. मी हे समजून-उमजून पत्करलं, करारावर सही केली, दर महिन्याला गावी पैसे पाठवतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वाढवण, वरोर, धाकटी डहाणू या किनाऱ्यावरच्या गावांतल्या माणसांनी असा कुठलाही करार केलेला नाही. ती तिथे पाहुणी नाहीत. म्हणून "दुबईसारखं करा" म्हणणाऱ्यांनी सांगावं की दुबईतलं काय घ्यायचं: शब्द पाळणं की कोणालाही न विचारणं?

कारण डहाणूलाही एक रेघ आखलेली होती. 20 जून 1991 रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. अख्ख्या तालुक्यात उद्योगांसाठी कमाल 500 एकर, बाकी शेती, चिकूच्या वाड्या, जंगल, समुद्र. तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासी क्षेत्रातलाही आहे, त्यामुळे अशा भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विचारणं आलंच. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी 2019 मध्ये जाईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणाने डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली, आणि केंद्र आजही चालू आहे. पी अँड ओ ही परदेशी बंदर कंपनी वाढवणला बंदर बांधायला आली तेव्हा 1998 मध्ये याच प्राधिकरणाने नाही म्हटलं. पुढे 2006 मध्ये ती पी अँड ओ दुबईच्या डीपी वर्ल्डने विकत घेतली, आणि जबल अलीचं बंदर डीपी वर्ल्डच चालवते. माझ्या पोटापाण्याचा आणि माझ्या गावच्या भीतीचा धागा असा एकमेकांत गुंतलेला आहे.

मग 2020 मध्ये बंदरांची गणना उद्योगात न करता बिगर-औद्योगिक कामांत करण्यात आली. डहाणूतली बंधनं उद्योगांवर होती; बंदर उद्योगच नाही म्हटल्यावर वाट मोकळी झाली. जुलै 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह ना-हरकत दिली, त्याविरुद्धच्या याचिका 2024 मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळल्या, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ऑगस्टमध्ये भूमिपूजन झालं. कायद्याच्या चौकटीत हे सगळं बसलं. तरीही मला ते अस्वस्थ करतं. एकोणतीस वर्षं ज्या रेघेच्या भरवशावर लोकांनी वाड्या लावल्या, कर्ज काढून बोटी घेतल्या, ती रेघ न पुसता नुसती व्याख्या बदलून निकामी केली गेली. जबल अलीतल्या एखाद्या गुंतवणूकदाराला असं वागवलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी सामान बांधून निघाला असता. वरोरच्या मच्छीमाराला निघून जायला दुसरा समुद्र नाही.

आपल्याकडे ही सवय जुनी आहे, आणि ती दोन्ही बाजूंना नडलेली आहे. निर्यातीसाठी वेगळं क्षेत्र आखणारा देश आशियात पहिला आपणच, 1965 मध्ये कांडल्याला. 2005 मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांचा, म्हणजे सेझचा कायदा केला, पंधरा वर्षांच्या करसवलतींचं आश्वासन दिलं आणि 2011 मध्ये त्याच कंपन्यांवर किमान पर्यायी कर लावला. रायगडात सप्टेंबर 2008 मध्ये 22 गावांत सेझवर कौल घेतला. प्रा. एन. डी. पाटलांसारख्यांनी चालवलेल्या लढ्याने सरकारला तिथवर आणलं होतं. लोक रांगा लावून आले, आणि निकाल सरकारने अधिकृतपणे जाहीरच केला नाही. उद्योजकाला दिलेलं आश्वासन बदललं, शेतकऱ्याचं मत कपाटात गेलं. तारापूर अणुकेंद्राच्या विस्तारासाठी उठवलेल्या पोफरण-अक्करपट्टी या गावांची कहाणी आमच्याकडे प्रत्येक घरात माहीत आहे. त्यामुळे "यावेळी नीट करू" यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि त्यात हट्टीपणा मला दिसत नाही.

ग्रुपवरचा माझा मावसभाऊ म्हणतो, "अरे, बंदर समुद्रात भराव टाकून होणार, जमीन कोणाची जातेय?" घोटाळा नेमका इथे आहे. समुद्राला सातबारा नसतो. उरणमध्ये नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा निदान नावं कागदावर होती. जानेवारी 1984 मध्ये पाच माणसं पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना पदरात पडली. इथे चौदाशे हेक्टरांहून जास्त समुद्र भरायचा आहे आणि त्यावर कोणाचंच नाव नाही. पापलेट आणि घोळ जिथे मिळतो तो पट्टा, बोटी लावायच्या जागा, सुकी मासळी वाळत घालणाऱ्या बायांचा किनारा, हे कुठल्या रजिस्टरमध्ये शोधायचं? दागिन्यांचे डाय, म्हणजे साचे बनवणारे कारागीरही याच गावांतले. त्यांना तर बाधित म्हणून धरायचं की नाही यावरच वाद.

म्हणून माझं मत असं: भरावाचं काम पुढे रेटण्याआधी या पाण्यावरचा वहिवाटीचा हक्क गावनिहाय नोंदवा, बाया आणि खलाशी धरून. नुकसानभरपाई एकरकमी देऊन मोकळं होऊ नका. बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक कंटेनरमागे ठरावीक रक्कम त्या गावांच्या निधीत जावी, आणि ती कायद्यात लिहावी, शासन निर्णयात नको, कारण निर्णय पुढच्या निर्णयाने बदलतो. ग्रामसभांचे ठराव विरोधातले असले तरी जसेच्या तसे प्रसिद्ध करा. आणि तालुक्यातला जो भाग अजून 1991 च्या संरक्षणाखाली उरला आहे, तो बंदराच्या मागे येणाऱ्या गोदामांसाठी आणि रसायनांच्या टाक्यांसाठी पुन्हा नव्या व्याख्येने खुला होणार नाही, एवढं आजच लिहून द्या. हे झालं तर बंदराच्या बाजूने ग्रुपवर सगळ्यात आधी मी लिहीन. नाही झालं, तर दुबईचं उदाहरण देताना माझं नाव मध्ये घेऊ नका.