कलम 23 चं अर्धंच वाक्य

"भारतीय न्याय संहितेच्या कलम 23 नुसार नशेत केलेलं कृत्य गुन्हा नाही. शुद्ध नाही म्हणजे हेतू नाही, हेतू नाही म्हणजे खून नाही. मित्रांनी पाजली, काही आठवत नाही, एवढंच सांगायचं," असा मेसेज फिरतोय. कलमाचा आकडा बरोबर आहे. बाकीचं बघू.

"नशेत केलेलं कृत्य गुन्हा नाही." कलमातलं वाक्य इथे मध्येच तोडलंय. पुढे परंतुक, म्हणजे अट, आहे: नशेचा पदार्थ त्या माणसाला नकळत किंवा इच्छेविरुद्ध दिलेला हवा. शिवाय आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, हे कळण्याची क्षमताच त्या वेळी गेलेली हवी. न्याय संहितेआधीच्या जुन्या दंड संहितेत हेच कलम 85 होतं. स्वतः बाटली उघडणाऱ्यासाठी ते तेव्हाही नव्हतं.

"हेतू नाही म्हणजे खून नाही." यात थोडं तथ्य आहे, म्हणून जरा थांबतो. स्वतःहून प्यालेल्यालाही शुद्धीतल्या माणसाइतकी जाणीव होती, असं कलम 24 (जुनं 86) धरून चालतं. हेतूबद्दल तसं गृहीत धरत नाहीत. तो परिस्थितीवरून ताडावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 1956 साली बासदेव खटल्यात हे उलगडून सांगितलं. लग्नघरी जेवणाच्या वेळी प्यालेल्या, लष्करातून निवृत्त झालेल्या जमादाराने एका मुलाला जरा सरकायला सांगितलं. तो हलला नाही, तर याने पिस्तूल काढून त्याच्या पोटात गोळी घातली. मध्येमध्ये त्याचा तोल जात होता, हे खरं. पण स्वतःची जागा त्याने स्वतः निवडली होती, गोळी झाडल्यावर तो पळू पाहत होता आणि पकडल्यावर माफीही मागत होता. खुनाची शिक्षा कायम राहिली. हेतू धरताच येणार नाही इतकी नशा गाढ असेल, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनाहून कमी गंभीर गुन्हा, ठरू शकतो. त्यालाही तुरुंगवास आहेच.

"मित्रांनी पाजली." आग्रहाला बळी पडणं म्हणजे बळजबरी नव्हे. सरबतात गुपचूप काही मिसळलं असेल तर गोष्ट वेगळी, आणि ते सिद्ध करायचं ओझं आरोपीवरच.

"काही आठवत नाही." विसर नंतरचा, न्यायालय विचारतं ते कृत्याच्या क्षणाचं.

गाडी चालवणाऱ्याने तर हा सल्ला मुळीच घेऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ला 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की पुरतं. तिथे "नशेत होतो" म्हणणारा सरकारी वकिलाचंच काम हलकं करतो.