‘ठरवलेल्याला कोण अडवणार?’ या मेसेजला मुद्देसूद उत्तर

कोरोनाच्या टाळेबंदीत फिरलेला एक व्हॉट्सॲप मेसेज अजूनही कोल्हापूरकडच्या ग्रुपांवर येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: साथ आली की आत्महत्या वाढणारच, बोलून दाखवणारा करत नाही, उघड विचारलं तर नको तो विचार डोक्यात शिरतो, ठरवलेल्याला कुणी अडवू शकत नाही, दवाखान्यात नेलं की पोलीस केस होते. शेवटचा मुद्दा अर्धवट खरा आहे. बाकीचे चूक आहेत, आणि त्यातले काही जिवावर बेतणारे.

साथ आणि आत्महत्या यांचं गणित इतकं सरळ नाही. २०२० च्या पहिल्या महिन्यांत २१ देशांचे आकडे तपासले, तेव्हा सर्वसाधारण वाढ दिसली नाही. जपानमध्ये आधी संख्या घटली, मग जुलैपासून वाढली. भारतात मात्र २०१९ मध्ये १,३९,१२३ आणि २०२० मध्ये १,५३,०५२ आत्महत्या नोंदल्या गेल्या. २०२० मधल्या जवळपास चौथ्या हिश्श्याचे लोक रोजंदारीवरचे होते. कारण कधीच एक नसतं, पण इचलकरंजीतले माग बंद पडल्यावर मागवाल्याच्या घरात रेशन आणि थोडे पैसे पोचवणं हेही आत्महत्या-प्रतिबंधाचंच काम आहे. ‘वाढणारच’ म्हटलं की ते कुणी करत नाही.

आता विचारण्याबद्दल. आत्महत्या केलेल्यांपैकी अनेकांनी आधी कुणाजवळ तरी तसं बोलून दाखवलेलं असतं. आणि थेट विचारल्याने विचार पेरला जात नाही, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. उलट माणूस मोकळा होतो. एकांतात, फोन बाजूला ठेवून, सरळ शब्दांत विचारा: “जगायलाच नको असं वाटतंय का? जीव द्यायचा विचार येतोय का?” ‘असलं काही मनात नाही ना?’ असं विचारू नका, त्यात ‘नाही’ हेच उत्तर मागितलेलं असतं. ‘हो’ आलं तर कसं, कधी, काही ठरवलंय का, हेही विचारा. ठरवलं असेल तर क्षणभरही एकटं सोडू नका; सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. एवढी घाई नसेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६: मोफत, चोवीस तास, मराठीतही.

‘ठरवलेल्याला कोण अडवणार?’ हा मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा. टोकाची ऊर्मी बहुतेकदा थोडा वेळ टिकते, आणि तेवढ्यात साधन हाताशी नसेल तर माणूस वाचतो. वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. मात्र तिथेच १८० गावांपैकी निम्म्या गावांत कीटकनाशक ठेवायला घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटून पाहिल्या, त्याने फरक पडला नाही. किल्ली शेवटी घरातच असते. म्हणून ज्याच्या मनात विचार चाललेत त्याच्या घरातून, गोठ्यातून, मोटारीच्या खोपीतून उरलेलं कीटकनाशक पूर्ण बाहेर काढा आणि दुसऱ्या घरी ठेवा. फवारणीला लागेल तेवढंच आणा. मानसिक आजाराच्या गोळ्या एकदम महिन्याच्या न देता दोन-चार दिवसांच्या द्या, उरलेल्या घरातल्या दुसऱ्याकडे.

पोलिसांचं काय? दवाखाना पोलिसांना कळवतो, हे खरं. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, तिच्यावर खटला चालत नाही आणि उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरते. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं दंड संहितेचं जुनं कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, उरलेलंच नाही. केसच्या भीतीने ‘चुकून प्यायला’ म्हणून सांगू नका किंवा घरी मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. ते फुफ्फुसात जाऊ शकतं. विषाचा डबा लेबलासकट सोबत न्या, कारण उतारा विषानुसार बदलतो.

घरी सोडल्यानंतरचे पहिले आठवडे सगळ्यात धोक्याचे, आणि नेमकं तेव्हाच ‘वाचला एकदाचा’ म्हणून सगळे सैलावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतल्या प्रयोगात (भारतात चेन्नई) एक तास बोलणं आणि पुढे १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट, एवढंच केलं. आत्महत्येने मरणाऱ्यांचं प्रमाण २.२ टक्क्यांऐवजी ०.२ टक्के राहिलं. साथीत विलगीकरण असलं तरी फोन करता येतो. झोप कशी आहे, गोळ्या चालू आहेत का, तो विचार पुन्हा आला का, पुढचा फोन कधी, इतकं विचारा. फोन मेहुण्याने करायचा की गावच्या आशा सेविकेने, हे दवाखान्यातून निघतानाच नावानिशी ठरवा. पहिला फोन आठवड्याच्या आत.