पॉइंट नवे घ्यावेत की पिलबाग?

मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की इथल्या माणसाला दोनच उद्योग सुचतात. एक, कूलरसमोर निपचित पडणं आणि दुसरा, पडल्या पडल्या महाबळेश्वरचे बेत करणं. या दुसऱ्या उद्योगावर एक अख्खा धंदा उभा आहे, रिसॉर्टातल्या पुढच्या कित्येक वर्षांच्या रात्री आजच विकण्याचा (टाइमशेअर म्हणतात त्याला), हे मला पेट्रोल पंपावर कळलं. भर दुपारी गळ्यात टाय बांधलेला एक पोरगा उभा होता. “काका, फक्त नाव आणि मोबाइल नंबर. लकी ड्रॉ आहे.” त्या उन्हात टाय बांधलेल्या माणसाला नाही म्हणायला काळीज दगडाचं लागतं. मी चिठ्ठी भरली.

त्याच आठवड्यात फोन आला, आमचा नंबर लागला म्हणून. शेजारच्या पाटलांचाही लागला होता. आमच्या दूधवाल्याचाही. बक्षीस घ्यायला हॉटेलात यायचं, पण नवरा-बायको दोघांनी मिळूनच. ही अट का असते ते तिथं गेल्यावर समजतं. एकटा नवरा आला तर “घरी विचारून सांगतो” म्हणून निसटतो. ती पळवाट आधीच बुजवलेली असते.

हॉलमध्ये एसी इतका की आमच्या हिने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. दहा-बारा गोल टेबलं, प्रत्येक टेबलाला एक जोडपं आणि एक टायवाला. मधूनच कुठल्या तरी टेबलावर सही झाली की मोठ्याने गाणं वाजायचं आणि सगळे टायवाले उभे राहून टाळ्या वाजवायचे. सही करणारा गृहस्थ, ज्याच्या लग्नातही इतक्या टाळ्या पडल्या नसतील, तो लाजून बायकोकडे बघायचा. जेवायला पनीर होतं. जळगावात पाहुण्याला बोलावून शेवभाजी न करणारा माणूस बाहेरगावचा आणि घाईतला असणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

“मॅडम, तुमचं ड्रीम डेस्टिनेशन?”

“यावल,” ही म्हणाली. यावल तिचं माहेर.

पोरगा गडबडला, पण शिकवलेलं पक्कं होतं. त्याने कागद ओढला. आज हॉटेलची खोली सहा हजार. दर वर्षी आठ टक्के महागाई धरा. पंचवीस वर्षांनी तीच खोली एक्केचाळीस हजार! आकड्याभोवती त्याने लाल गोल काढला. आमच्याकडून आज पाच लाखांचे पॉइंट घ्या, पंचवीस वर्षं दर वर्षी सात रात्री राहा. पॉइंट म्हणजे काय, तर आपलं नाणं. साध्या दिवसांत एका रात्रीला कमी लागतात, मे महिन्यात आणि नाताळात जास्त. मोठी खोली घेतली तर आणखी जास्त. म्हणजे आपण ज्या वेळी जाणार, नेमकी त्याच वेळी नाण्याची किंमत घसरते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात हिशेब शिकवतो. मी पेन काढेपर्यंत हिने विचारलं, “आणि वर्षाचा मेंटेनन्स?”

“फक्त वीस हजार, मॅडम.”

“त्याला महागाई नाही का?”

गाणं वाजायला लागलं, त्यामुळे उत्तर ऐकू आलं नाही.

घरी येऊन मी ताळेबंद मांडला. पाच लाख भागिले एकशे पंचाहत्तर रात्री, म्हणजे रात्रीला साधारण २,८५७ रुपये. वीस हजार भागिले सात, तेही २,८५७. झाले ५,७१४. पण खरा खर्च तो नव्हेच. पाच लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाचं व्याज पस्तीस हजार, वर मुद्दल शाबूत. त्यात मेंटेनन्स मिळवला की पंचावन्न हजार, म्हणजे रात्रीला ७,८५७. तेवढ्यात सहा हजारांची खोली मिळून वर शेवभाजी खाता येते, तीही कुठल्याही तारखेला.

आईला हे समजावून सांगताना मात्र माझी दमछाक झाली. तिचं माहेर अमळनेरकडचं, त्यामुळे चिडली की अहिराणी. “पैसा आपला, खोली त्यासनी, नि जावाना येळे त्यासलेच इचारनं? मंग तुनं काय शे तठे?” मी म्हटलं, वापरायचा हक्क आहे. ती म्हणाली, सातबारा दाखव. सातबारा नव्हता. आपल्याकडच्या बहुतेक योजनांत तो नसतोच. खोली कंपनीची, आपल्याकडे ठरावीक वर्षं वापरायचा करार. एवढी मुद्द्याची गोष्ट त्या हॉलमध्ये तीन तासांत कुणी सांगितली नव्हती.

आता हे प्रकरण इथंच मिटलं असतं. पण माझा भाचा अमेरिकेत फ्लोरिडाला असतो, आणि नेमका त्याच दिवसांत तो डिस्नेच्या व्हेकेशन क्लबचे पॉइंट थेट कंपनीकडून घ्यावेत की कुणा जुन्या सभासदाकडून, या विवंचनेत होता. त्याची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. रोज ऐन पाणी भरायच्या वेळेला फोन.

“मामा, थेट घेतला तर पॉइंटला दोनशे डॉलरच्या वर पडतो. रीसेलमध्ये कितीतरी खाली.”

“मग रीसेल घे की.”

“तसं नाही ना. रीसेलवाल्याला पर्क्स नाहीत, म्हणजे वरचे मानपान.”

मग त्या पर्क्सचं पुराण. हा क्लब १९९१ सालचा. तिथं चक्क डीड, म्हणजे खरेदीखत मिळतं, सरकारदरबारी नोंद होते (हे आईला सांगितल्यावर तिचं अमेरिकेबद्दलचं मत सुधारलं). पण तेही कायमचं नाही. जुन्या बऱ्याच रिसॉर्टांची मुदत २०४२ मध्ये संपते. आपल्या रिसॉर्टात अकरा महिने आधी बुकिंग करता येतं, दुसऱ्या रिसॉर्टात सात महिने आधी. यंदाचे पॉइंट पुढच्या वर्षावर टाकता येतात, पुढच्या वर्षाचे उसने आणता येतात. इथपर्यंत नवा-जुना सारखाच. फरक पुढे. २०११ च्या मार्चनंतर रीसेलने घेतलेले पॉइंट डिस्नेच्या बोटीच्या सहलीला चालत नाहीत. १९ जानेवारी २०१९ नंतर जुन्या चौदा रिसॉर्टांपैकी कुठले पॉइंट रीसेलने घेतले, तर ते त्या चौदांतच वापरायचे, त्यानंतर उघडलेल्या नव्या रिसॉर्टात नाही. सभासदांच्या सवलती, त्यांची खास बसायची जागा, यातलं काही मिळत नाही. शिवाय सौदा ठरला तरी कंपनीला पहिला हक्क. ठरलेल्या भावात ती स्वतःच उचलू शकते, आणि घेणारा बसतो वाट बघत.

“ती खास जागा म्हणजे काय?”

“लाउंज असतं, मामा. थंडगार. सोडा फुकट.”

मला त्या क्षणी सगळा धंदा लख्ख दिसला. खोली, पलंग, आंघोळीचं गरम पाणी, हे सगळं रीसेलवाल्यालाही तेच आणि तेवढंच मिळतं. जास्तीचे पैसे मोजायचे ते मानासाठी. आणि मानाच्या बाबतीत खानदेशी माणसाने कुणाला हसू नये. लग्नात टोपी-उपरणं मिळालं नाही म्हणून वर्षानुवर्षं बोलणं टाकलेले व्याही आमच्याकडे गावोगाव आहेत. उपरण्याची किंमत शंभर रुपये, पण ती कुणी बघत नाही. भाच्याला मी एवढंच विचारलं, “तुला झोपायला जायचंय की मिरवायला?” तो म्हणाला, “दोन्ही.” मग काय बोलणार? त्यातल्या त्यात दिलासा एवढाच, की थेट कंपनीकडून घेतलं तर फ्लोरिडाच्या कायद्याने दहा दिवसांत करार मोडून पैसे परत मागता येतात. ही ऐकत होती. “दहा दिवस? आपल्याकडे साडी दुसऱ्या दिवशी नेली तर दुकानदार ओळख दाखवत नाही.”

या फोनांचा परिणाम असा झाला, की रीसेल हा शब्द आमच्या घरात रुजला. आणि शब्द रुजला की माणूस उगवतोच. भुसावळचे एक अप्पा उगवले. रेल्वेतून निवृत्त, आमच्या सहकाऱ्यांच्या ओळखीचे. अकरा वर्षांपूर्वी त्यांनीही अशाच एका हॉलमध्ये टाळ्या घेतल्या होत्या. पंचवीसपैकी चौदा वर्षं शिल्लक.

“सर, सोन्यासारखी मेंबरशिप आहे. दीड लाख द्या.”

“मग विकता कशाला?”

अप्पा प्रामाणिक. मुलं पुण्यात, त्यांना मे महिन्यात सुट्टी, आणि मे महिन्यात खोली मागितली की ‘उपलब्ध नाही’. ऑगस्टात उपलब्ध असते, पण ऑगस्टात कानबाईचे रोट असतात, सगळे भाऊबंद घरी, तेव्हा घर सोडून कोण जाणार? डिसेंबरात मिळाली होती एकदा, पण तेव्हा अप्पांच्या मंडळींचे गुडघे नव्हते म्हणाले. म्हणजे होते, पण चढाव चढण्याजोगे नव्हते. न जाताही मेंटेनन्स मात्र रेल्वेच्या वेळापत्रकापेक्षा वक्तशीर येतो.

मी पुन्हा कागद घेतला. दीड लाखाचं व्याज साडेदहा हजार, मेंटेनन्स वीस, एकूण साडेतीस. रात्रीला ४,३५७. इथं मात्र मामला हॉटेलच्या खाली आला. कंपनीला फोन करून विचारलं. नाव बदलायची फी लागेल. साठलेल्या रात्री नव्या माणसाला मिळणार नाहीत. परदेशातल्या रिसॉर्टांशी अदलाबदल, जेवणावरची सवलत, आधी बुकिंगचा मान, सगळं बंद. “सर, त्यापेक्षा तुम्ही नवीनच का नाही घेत?” तिकडून गोड आवाज आला. मागे तेच गाणं चालू होतं.

अशा पेचात आम्ही यावलला जातो. शालकांची केळीची बाग आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मला बांधावरून आत नेलं आणि दोन ओळींच्या मध्ये उभं केलं. “दाजी, ही टिश्यूची नवी लागवड. रोपाला पैसे, ठिबकला पैसे, पहिल्या दिवसापासून पोरासारखं जपायचं. घड जबरा. आणि ती पलीकडची पिलबाग. पहिलं झाड कापलं, बुडाशी एक पील ठेवलं, त्याचीच बाग. रोपाचा खर्च नाही, माल लवकर. घड जरा हलका, पण व्यापारी खातो तेव्हा केळंच खातो, रोपाची पावती नाही खात.”

“म्हणजे अप्पांची घेऊ?”

ते खाली वाकले आणि एका खुंटाजवळची माती बोटाने उकरली. खालचा कंद काळा पडला होता. “पिलबाग घेणाऱ्याने वर घड बघायचा नाही, बुड बघायचं. अप्पांचा मेंटेनन्स किती वर्षांचा थकलाय, ते विचारलं का?”

विचारलं नव्हतं असं नाही. पण अप्पांनी तेव्हा चहा मागवला होता आणि विषय चहात बुडाला होता. आता फोन करून विचारलं. दोन वर्षांचा थकलेला. “म्हणजे चाळीसच हजार, सर. तेवढे तुम्ही भरा, मी एक लाखात देतो.”

इथून पुढे अप्पांनी जी घासाघीस केली, तशी मी कुठल्या बाजारात पाहिली नाही, कारण ती ते एकटेच करत होते. मी ‘हं’ म्हणायचो आणि भाव उतरायचा. ‘बघतो’ म्हटलं तर आणखी उतरायचा. पोळ्याला सत्तर हजार, दसऱ्याला चाळीस. दिवाळीच्या शुभेच्छांचा फोन आला तेव्हा, “पैसे राहू द्या सर, फक्त थकबाकी भरा आणि नावावर करून घ्या.” मी भाच्याला सांगितलं, आमच्याकडे रीसेलचा भाव शून्यावर आलाय. तो हळहळला. त्याच्याकडे शून्य करायला अजून पुष्कळ बाकी होतं. त्याने थेट घेतले, लाउंजसाठी. सोडा चांगला असतो म्हणतो.

फुकटची गोष्ट नाकारणं फार अवघड असतं, आणि आमच्या घरात दोन तट पडले. आई म्हणाली, फुकट हत्ती घेतला तरी चारा आपल्यालाच घालायचा. मी कागदावर वीस हजार भागिले सात करून बघितलं. पुन्हा २,८५७, आणि त्यात थकबाकी चौदा वर्षांवर पसरली तर रात्रीला चारशे रुपये वाढतात. वाईट नाही. पण मग मी ‘मे’ असं लिहिलं, त्याच्यापुढे ‘उपलब्ध नाही’ लिहिलं, आणि हिशेब तिथंच थांबला.

थंडी पडली. एका रविवारी अप्पा स्वतः आले, भुसावळहून, हातात कापडी पिशवी. बामणोदची भरताची वांगी, मोठमोठी, हिरवीगार, देठ अजून ओले. पाच किलो तरी असतील. खाली घडी घातलेला फॉर्म, अप्पांची सही करून तयार.

“ट्रान्सफरची फी मी भरतो सर. थकबाकीही मी भरतो. तुम्ही फक्त नाव टाका.”

मी पेनकडे बघितलं. हिने चहाचा ट्रे ठेवला आणि अप्पांचा मोबाइल किणकिणला.

“अप्पा, वांग्यांचे पाठवलेत हो,” ही म्हणाली. “बाजारभावाने. दहा रुपये जास्तच आहेत, राहू द्या.”

अप्पांनी मोबाइल बघितला, फॉर्म बघितला, मग फॉर्मची घडी पुन्हा तशीच घातली आणि खिशात ठेवली. चहा संपवला. राग नव्हता, निदान दिसला तरी नाही. दारात चपला घालता घालता एवढंच म्हणाले, “सर, तुमचे शालक यावलचे, केळीवाले ना? त्यांचा नंबर असेल?”

मी लगेच दिला.