सिगारेट सोडणाऱ्या माणसाला मदत करण्याची रीत

आपल्या कार्यालयात, सोसायटीत किंवा प्रत्यक्ष घरात एखाद्या माणसाने सिगारेट सोडली असेल, तर त्याला एकटे पडू देणे आपल्यासारख्या सुसंस्कृत माणसाला शोभत नाही. हे काम तो मुकाट्याने, कोणाला त्रास न देता उरकू पाहील. तसे त्याला करू देऊ नये. एकवीस वर्षे रोज दहा-बारा सिगारेटी ओढल्यावर या वर्षी मी त्या सोडल्या, आणि तेव्हापासून मला चहूबाजूंनी इतकी मदत झाली आहे की तिची नोंद न ठेवणे हा कृतघ्नपणा ठरेल. पुढच्या माणसाच्या वेळी आपली धांदल उडू नये, म्हणून ही रीत लिहून ठेवतो.

सोडल्याचे कळताच आपला पहिला प्रश्न "या खेपेला किती दिवस?" हा असावा. बहुतेकांना सिगारेट कायमची सुटण्याआधी एकाहून अधिक वेळा प्रयत्न करावा लागतो, असे डॉक्टर सांगतात. पण डॉक्टरांना काय कळते? आपण त्याच्या मागच्या प्रत्येक प्रयत्नाची महिना, स्थळ आणि साक्षीदारांसह उजळणी करावी. ही उजळणी शक्यतो त्याच्या पत्नीसमोर व्हावी.

त्यानंतर आपल्या ओळखीतल्या त्या गृहस्थांची गोष्ट सांगावी. ते दिवसाला तीन पाकिटे ओढत असत, एका रात्री त्यांनी उरलेले पाकीट गटारात फेकले आणि पुन्हा आयुष्यात हात लावला नाही. असे एक गृहस्थ प्रत्येकाच्या ओळखीत असतात. ते अद्याप मला कोणी दाखवलेले नाहीत, ही गोष्ट वेगळी. शेवट "सगळा विलपॉवरचा खेळ आहे" या वाक्याने करावा. समोरचा माणूस निकोटिनचा गम घेत असेल, तर हे वाक्य अधिक परिणामकारक ठरते. दोन मिलिग्रॅमचा हा गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, पण तो च्युइंगमसारखा सतत चघळायचा नसतो. थोडा चावून जिभेला मिरमिर जाणवू लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा असतो, आणि चहा-कॉफीने तोंडातले शोषण बिघडते म्हणून त्याआधी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असेपर्यंत काही प्यायचे नसते. हे एकदा ठाऊक झाले की आपले काम सोपे होते. त्याने गम गालात सरकवलेला दिसताच चहाचा कप त्याच्या हातात द्यावा आणि म्हणावे, "घे रे, चहाने काय होतंय!"

चहाचे आणखीही एक आहे. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करत असते. धूर थांबला की तो वेग मंदावतो आणि नेहमीच्याच पाच-सहा कपांतले कॅफिन रक्तात जास्त वेळ रेंगाळते. छातीत धडधड, बोटांना कंप आणि रात्री अडीच वाजता टक्क जाग, हा सगळा त्याचा प्रसाद. मला हे दहाव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले आणि चहा निम्म्यावर आणल्यावर दोन रात्रींत झोप लागली. तोवर माझ्या हितचिंतकांनी "एकदम बंद केली की शरीराला झटका बसतो, हळूहळू सोडायला हवी होतीस" असे निदान करून त्यावर आले घातलेला कडक चहा मागवण्याचा उपाय सुरूही केला होता.

सडलेल्या फुप्फुसाचे छायाचित्र रोज सकाळी सात वाजता 'शुभ प्रभात' लिहून पाठवावे.

पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन वाढते. ते वाढले की चारचौघांत पोटावर थोपटावे.

पर्याय सुचवण्यात कंजुषी करू नये. आपल्या राज्यात तर याची मुळीच वाण नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि तंबाखू खाणारे किंवा मिश्री लावणारे २४.४ टक्के. त्यामुळे सिगारेट सोडणाऱ्यापुढे चुना मळलेला तळहात धरणारा मदतनीस शोधायला कुठे जावे लागत नाही. "धूर तर नाही ना यात?" असे मला एका सद्गृहस्थाने लग्नाच्या पंगतीत विचारले. धूर नव्हता, हे मान्य करावे लागले.

आता भावनांकडे वळू, कारण खरी करमणूक तिथेच आहे. चिडचिड, अस्वस्थता, उदासी, कामात लक्ष न लागणे, सारखी भूक आणि उडालेली झोप ही निकोटिन तुटल्याची ठरलेली लक्षणे असून, पहिल्या आठवड्यात ती सर्वांत तीव्र असतात आणि साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतात. कोणालाही वाचता येईल अशी ही माहिती आहे, म्हणूनच ती वाचू नये. माणूस चिडला तर तो मुळातच चिडका होता असे ठरवावे, आणि गप्प बसला तर "घरी काही झालंय का?" असे आवाज खाली आणून विचारावे, मात्र शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल इतकाच खाली.

नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्याचे झाकण उघडेना. वाफेने घट्ट बसलेले स्टीलचे झाकण, त्यावर रोजच्यासारखा बोटाचा ठसा, आणि आत भेंडीची भाजी. मी ते टेबलावर आपटले, पुन्हा ओढले, आणि मग चव्वेचाळीस वर्षांचा, हाताखाली अकरा माणसे असलेला मी त्या झाकणाकडे पाहत हुंदके देऊन रडलो. हे हास्यास्पद आहे हे मला तेव्हाही कळत होते. पण एकवीस वर्षांत मी एकही राग पुरता रागावलेलो नव्हतो. साहेबांनी झापले की जिन्याखाली, घरी वाजले की गच्चीवर, आणि वडील गेले तेव्हा वैकुंठ स्मशानभूमीबाहेरच्या टपरीवर, असा माझ्या प्रत्येक भावनेवर पाच मिनिटांच्या धुराचा बंदोबस्त होता. तो उठल्यावर एवढ्या वर्षांचे जे काही बाहेर आले, ते भेंडीच्या निमित्ताने आले इतकेच. संध्याकाळपर्यंत माझा घटस्फोट होत असल्याचे तिसऱ्या मजल्यावर पोहोचले होते.

घरची मदत याहून मोठी असते. माझी आई वीस वर्षे माझ्या सिगारेटीपायी संकष्टीचे उपास करत आली. शर्टाचा वास घेणे, खिशातल्या काडेपेट्या मोजणे, गणपतीसमोर माझा हात धरून शपथ घालणे, सगळे करून झाले. तेराव्या दिवशी मी मुलीवर टीव्हीच्या आवाजावरून खेकसलो, तेव्हा ती माउली स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्यापेक्षा ओढ रे बाबा एखादी, पण घरात शांतता राहू दे." ज्याचे जळते त्यालाच कळते म्हणतात; माझे तर जळायचे थांबले होते, म्हणून बहुधा कोणाला कळले नसावे.

'लाइट' सिगारेट सुचवावी. ती खोलवर ओढली जाते, म्हणजे हिशेब सारखाच राहतो.

एवढे करूनही माणूस टिकला, तर टपरी हा अखेरचा उपाय आहे. आमच्या कार्यालयाच्या फाटकाबाहेर एक टपरी आहे, तिथे 'धूम्रपान निषिद्ध' अशी पाटी आणि तिच्याच खिळ्याला दोरीने टांगलेला लायटर आहे. राज्याने २०२० साली सुट्ट्या सिगारेटी विकण्यावर बंदी घातली, कारण सुटी घेणाऱ्याला पाकिटावरचा इशारा दिसत नाही. ती बंदी या टपरीवर चहाच्या वाफेबरोबर वर जाते. मीही सुटीच घेत आलो, त्यामुळे तंबाखू सोडण्यासाठीच्या मोफत मदतीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक २०१८ पासून पाकिटावर छापला जातो, हे मला जमिनीवर पडलेले रिकामे पाकीट उचलून पाहिल्यावर कळले. मी सोडल्याचे टपरीवाल्या मामांना दुसऱ्याच दिवशी समजले. त्यांनी काही विचारले नाही. कटिंगच्या ग्लासाबरोबर सवयीने पुढे केलेली सिगारेट मागे घेतली आणि बशीत दोन लवंगा ठेवल्या. रोजची दहा-बारा सिगारेटींची विक्री गेलेला तो एकटा माणूस होता, ज्याने मला कोणताही सल्ला दिला नाही.

आमच्या सुशिक्षित सहकाऱ्यांनी मात्र यादी केली. मी कितव्या दिवशी पुन्हा ओढेन यावर चौदा जणांनी प्रत्येकी शंभर रुपये लावले, प्रत्येकाने आपला दिवस राखून ठेवला, आणि हे सगळे मला वगळून केलेल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्यवस्थित तक्ता करून झाले. मला याचा पत्ता नव्हता. मला एवढेच जाणवे की रोज कोणीतरी एक जण माझ्याशी विलक्षण प्रेमाने वागतो. सोमवारी हिशेब विभागातला, मंगळवारी तो नवा मुलगा, बुधवारी चक्क ज्या बाईंना धुराचा वास सहन होत नाही त्या. "फार ताणात दिसताय, खाली जाऊन या ना पाच मिनिटं." मी घरी जाऊन सांगत असे की माणसे आपण समजतो तितकी वाईट नसतात.

पंचविसाव्या दिवशी दुपारी चार वाजता माझ्याच टेबलाशेजारी सात वर्षे बसणारा मित्र म्हणाला, "चल, चहा घेऊ." त्याच दिवशी सकाळी बैठकीत मला पाणउतारा सहन करावा लागला होता, आणि तो करणाऱ्यांच्या शेजारी हा बसला होता, हे मला नंतर आठवले. त्याने खाली सिगारेट पेटवली, दोन झुरके घेतले, फोन आल्यासारखे केले आणि ती माझ्या बोटांत दिली. "नुसती धर रे, आलोच." तलफ ही काही मिनिटांची असते, ती वेळ काढली की ओसरते, पाणी प्यावे, जागा सोडावी, हे सगळे मला तोंडपाठ होते. मी ती धरून उभा राहिलो. राख लांब झाली आणि बुटावर पडली. मामांनी लवंगांची बशी माझ्या बाजूला सरकवली, तेही मी पाहिले. आणि मग मी ती ओढली.

तो टपरीच्या मागून टाळ्या वाजवत आला. चौदाशे रुपये जिंकला, आणि त्यात सगळ्यांना, मलाही, समोसे खाऊ घातले.

आता पुरे. वर लिहिलेल्या कोणत्याही गोष्टीला मदत म्हणत नाहीत. हे तुम्हाला कळत नाही असेही नाही, कारण मधुमेह झालेल्या माणसाच्या तोंडात तुम्ही पेढा कोंबून पैज लावत नाही. दारू सोडलेल्यापुढेही तुम्ही हेच करता, त्यालाही "एकाने काय होतंय" म्हणता, आणि तो पडला की हळहळायला पहिले तुम्हीच. एकाने काय होते ते मला विचारा. त्या एका सिगारेटीने सहा दिवसांत पाकीट झाले. माझी चूक नव्हती असे मी म्हणत नाही. ओढणारे तोंड माझे होते आणि त्याची लाज मला आहे. पण तुम्हाला कसलीच लाज वाटू नये? सात वर्षे ज्याच्या डब्यातले खाल्ले, त्याच्या फुप्फुसांवर शंभर रुपये लावताना हात आखडला नाही? माणूस रडतो आहे हे दिसत असताना त्याची बातमी करावीशी वाटते, पाण्याचा ग्लास द्यावासा वाटत नाही? तुमच्यापैकी निम्मे स्वतः सोडायचे म्हणता आणि सोडत नाही. दुसऱ्याची सुटली तर आपली न सुटल्याचे दिसेल, याची ही भीती आहे, आणि तिला थट्टा असे गोंडस नाव देऊ नका.

मी पुन्हा सोडली आहे. आज अकरावा दिवस आहे. मी खेकसलो तर उलट खेकसा, त्याने माझे काही बिघडत नाही. अर्ध्या तासाने मीच येऊन माफी मागेन. तुम्हाला ओढायची असेल तर खुशाल ओढा, पण माझ्यापासून लांब उभे राहा. कितवा दिवस आहे, हे विचारू नका. आणि चार वाजता मला खाली बोलवायला येऊ नका. मला चहा हवा असेल तेव्हा मी एकटा जाईन, मामांकडे लवंगा असतात.