अभ्यास वाढवा!

सकाळी सहा वाजता दूधवाल्याच्या आधी नानाकाका येतात. म्हणजे फोनवर. 'आजचा दिनविशेष. प्रश्न पाच, गुण दहा. वेळ साडेसातपर्यंत.'

नानाकाका बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. पहिले सहा महिने त्यांनी घरातल्या रद्दीचा ताळेबंद मांडला. मग काकूने हात जोडले आणि त्यांनी मोर्चा आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपकडे वळवला. गूगल करायचं नाही ('मला कळतं!'). बरोबर उत्तराला गुलाबाचं फूल, चुकलं की 'अभ्यास वाढवा'. महिनाअखेरीला गुणतक्ता. त्यात माझी बायको पहिली असते आणि मी चौथीतल्या भाच्याच्या खाली.

बायको पहिली येते, कारण कालनिर्णय स्वयंपाकघरात टांगलेलं आहे. चहा गाळता गाळता ती त्या दिवसाचा चौकोन वाचून टाकते. मी एकदा ते गुपचूप हॉलमध्ये आणून लावलं. तेव्हा दुधाचे खाडे कुठे लिहायचे यावरून घरात जे झालं, त्याची दिनविशेषात नोंद व्हायला हरकत नव्हती.

माझा मुख्य घोळ जयंती-पुण्यतिथीचा. 1 ऑगस्टला 'आज कोणाची जयंती?' असा प्रश्न आला. अर्धवट झोपेत मी 'लोकमान्य टिळक' असं ठोकलं आणि पुढे शुभेच्छांचा केकही चिकटवला. नानांचं उत्तर : 'पुण्यतिथी. 1920. त्याच दिवशी अण्णाभाऊ साठे जन्मले, त्यांची जयंती. केक काढा.'

16 एप्रिलला तर मी डोंबिवलीहून सुटलेल्या लोकलच्या दारात लटकत होतो. प्रश्न होता, 1853 साली बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीच्या तीन इंजिनांची नावं काय? साहिब, सिंध आणि सुलतान. मला येत होतं हो! पण खिशात हात घालायला आधी खिसा सापडायला हवा. शेजारच्याच्या पिशवीत माझा एक हात होता, दुसरा वरच्या दांड्याला. त्या गाडीला डबे 14 आणि प्रवासी 400, असं नानांनी साडेसातला उत्तरात सांगितलं. म्हणजे डब्यात 28-29 माणसं. मी उभा होतो त्या दारातच तेवढी होती.

शिवजयंतीचं मी बोलत नाही. नानांनी 19 फेब्रुवारी 1630 म्हटलं, मामांनी 'आम्ही तिथीच मानतो, फाल्गुन वद्य तृतीया' म्हटलं, आणि तीन दिवस ग्रुपवर दुसरा कुठलाही मेसेज आला नाही. मामा जेवले का हेसुद्धा कोणी विचारलं नाही.

मग उगवली 1 जून. नानांचा लाडका दिवस. प्रभात फिल्म कंपनीची कोल्हापुरात स्थापना, 1929. नर्गिसचा जन्म, तोही त्याच दिवशी. डेक्कन क्वीन, 1930. पुणे-नगर पहिली एसटी, 1948. पाचवा प्रश्न बोनसचा : 'आज आपल्या घरात कोणाचा वाढदिवस?'

उत्तर अर्थातच नाना. पण आमचे बाबाही 1 जूनचे. आत्या 1 जूनची. धाकटे काका 1 जूनचे. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मास्तर पोरांना रांगेत उभं करायचे. डोक्यावरून हात पलीकडच्या कानाला टेकला की सहा वर्षं पूर्ण, लिही 1 जून. ज्याचा हात टेकला नाही, तो पुढच्या वर्षीचा 1 जून.

एवढ्यात ग्रुपवर आजीचा आवाज आला. आजी ब्याण्णव वर्षांची; मेसेज नेहमी नातवाच्या फोनवरून आणि नेहमी ओरडून. "कसली एक तारीख रे! नाना पोळ्याला झाला. बैलांची शिंगं रंगवून झाली होती अन् माझ्या पोटात कळ आली. पुरण तसंच राह्यलं चुलीवर. करपलं!"

पोळा म्हणजे श्रावणी अमावस्या. मी आयुष्यात पहिल्यांदा साडेसातच्या आत टाइप केलं : 'नाना, उत्तर चूक. अभ्यास वाढवा.' बायकोने गुलाब पाठवला.

नानांनी दिवसभर काही लिहिलं नाही. रात्री आजीला फोन करून साल विचारलं म्हणे. आजी म्हणाली, "साल मला काय ठाऊक? गावात एसटी सुरू झाली, त्याच्या दुसऱ्या पोळ्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला एकच प्रश्न आला. 'आपल्या गावात एसटी कोणत्या वर्षी सुरू झाली? गुण शंभर. गूगल चालेल.'

आज आठवडा झाला, उत्तर नाही. बायको आगारात फोन लावून बसली आहे.