दुखतंय म्हणजे वेणी घट्ट झालीय
एका लेखात अमेरिकेतल्या ब्लॅक पुरुषांच्या टकलाचं सगळं खापर अनुवंशिकतेवर फोडलंय, ते पटलं नाही. कपाळाच्या कडेचे, कानशिलावरचे केस घट्ट कॉर्नरो (डोक्याला चिकटून ओळीत घातलेल्या बारीक वेण्या) आणि जड ड्रेडलॉक्सच्या (जटांच्या) ओढीनेही जातात, ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात त्याला, वेळीच सैल केलं तर केस परत येतात पण वर्षानुवर्षं ओढ राहिली की मुळाशी व्रण होतो मग काही उगवत नाही. अटलांटात माझा रूममेट वेण्या घालून आला की दोन दिवस डोकेदुखीची गोळी घ्यायचा, त्याला ते नॉर्मल वाटायचं, बघून जीव तुटायचा. आणि प्लीज, वेण्याच सोडा असं सांगू नका त्यांना, या केसांवरून नोकरी-शाळेत भेदभाव व्हायचा म्हणून कॅलिफोर्नियाला २०१९ मध्ये तो रोखणारा क्राउन कायदा करावा लागला. सैल घाला, मधेमधे केस मोकळे ठेवा, एवढंच.