भंगाराआधी कार्बोरेटर बघा

जुनी गाडी पीयूसीत (धुराच्या प्रदूषण तपासणीत) नापास झाली की ती सरळ भंगारात काढावी, असा सूर असलेला एक लेख वाचला; तो मला अजिबात पटला नाही. गोव्यात फोंडा, डिचोली, पेडण्याकडे पंधरा-वीस वर्षांच्या गाड्यांवरच घर चालतं, अशी कितीतरी कुटुंबं आहेत.

नापासाच्या कागदावरचे आकडे आधी नीट वाचा. पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड जास्त दिसला तर पेट्रोल जास्त जातंय: एअर फिल्टर तुंबलाय, चोक अडकलाय किंवा कार्बोरेटरचं पेट्रोल-हवेचं मिक्श्चर बिघडलंय. हायड्रोकार्बन जास्त असेल तर प्लग आणि इग्निशन बघायचं. साधारण 2000 पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड 4.5 टक्क्यांपर्यंत चालतो, त्यानंतरच्या बीएस-३ (भारत स्टेज या धुराच्या सरकारी निकषांचा तिसरा टप्पा) पर्यंतच्या दुचाकीला 3.5. चांगल्या मेकॅनिकच्या हाताखाली एवढं साधणं कठीण नाही. निळा धूर मात्र वेगळा. तिथे ऑइल जळतंय, बहुतेक वेळा पिस्टनच्या रिंगांचं काम काढावं लागतं.

डिझेलवाल्यांनी एअर फिल्टर आणि नोझल तपासून घ्यावेत. आणि गाडी थंड असताना टेस्टला उभी करू नका, इंजिन पूर्ण तापू द्या. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत सायलेन्सर लवकर कुजतो, तेही बघा; भोकातून हवा शिरली की रीडिंगला अर्थ उरत नाही.

पैसे देऊन नुसता कागद घेणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. तो धूर शाळेच्या रस्त्यावरची आपलीच मुलं ओढतात. बीएस-३ पर्यंतच्या गाडीला दर 6 महिन्यांनी टेस्ट लागते, तीच सर्व्हिसिंगची वेळ धरावी.